गाडी थांबली, स्थानक उरले : पूर्णा–खंडवा मीटरगेज मार्ग आणि धूळघाटचा प्रश्न

पूर्णा हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आणि दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातील जंक्शन. इथून एक फाटा वसमत, हिंगोली, वाशीममार्गे अकोल्याला जातो. आज हा मार्ग ब्रॉडगेज आहे आणि अकोल्याच्या पुढे अकोटपर्यंत गाडी जाते. अकोटनंतर मात्र रेल्वे थांबते. पूर्वी ती थांबत नव्हती. अडगाव, हिवरखेड, वान रोड अशी स्थानके घेत गाडी सातपुड्यात शिरे, मेळघाटच्या जंगलातील धूळघाट स्थानकावरून पुढे मध्य प्रदेशात उतरे आणि खंडव्याला पोचे. तिथून महू, इंदूर, रतलाम, अजमेर. जयपूर आणि काचीगुडा यांना जोडणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून धावत असे.

आता धूळघाटला गाडी येत नाही. घाटातील स्थानके ओस पडली आहेत. वाघांच्या जंगलातून ब्रॉडगेज न्यायची की नाही, यावर बरीच वर्षे वाद झाला आणि तो मुख्यतः गाडीविषयी होता. स्थानकाच्या इमारती, घाटातील वळसा आणि पूल यांचे काय करायचे, हा प्रश्न त्यात मागे पडला. जुने स्थानक जपणे आणि बंद गाडी पुन्हा सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्ग कसा तयार झाला

मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे असे त्याचे नाव होते आणि निजामाच्या हमीवर चालणाऱ्या रेल्वे कंपनीकडे त्याचा कारभार होता. औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावे या मार्गामुळे रेल्वेच्या नकाशावर आली. मराठवाड्यातील कापूस मनमाडमार्गे मुंबईला जाऊ लागला.

१९१२ साली पूर्णेपासून हिंगोलीपर्यंत फाटा काढण्यात आला. हिंगोली हे तेव्हा परभणी जिल्ह्यातीलच गाव होते (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला), म्हणजे हा संपूर्ण फाटा एकाच जिल्ह्यात होता. तो हिंगोलीतच का थांबला याचे उत्तर राजकीय नकाशात सापडते. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची जुनी छावणी होती आणि त्यापलीकडे थोड्याच अंतरावर वऱ्हाड सुरू होत असे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा असला तरी कारभार इंग्रजांचा होता. रूळ हद्दीपाशी थांबले आणि जवळपास अर्धे शतक तिथेच राहिले.

स्वातंत्र्यानंतर उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील मीटरगेज जाळी एकमेकांना जोडण्याची गरज भासली. गेज वेगळा असला की डबा पुढे जाऊ शकत नाही. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. मनमाडला हे रोज घडत असे. त्यामुळे हिंगोली ते खंडवा हा दुवा बांधायला घेतला आणि १९६० च्या आसपास तो पूर्ण झाला. राजस्थानातून निघालेला मीटरगेजचा डबा आता गेज न बदलता थेट हैदराबादला जाऊ शकत होता. पूर्णा हे या साखळीतले महत्त्वाचे ठाणे ठरले. इंजिनांचे शेड, मोठे यार्ड, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वसाहती यांवर गावाचा बाजार चालत असे.

धूळघाटचा वळसा

या दुव्याचा सर्वांत अवघड भाग सातपुड्यातला. रेल्वेला चढ फारसा झेपत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, म्हणून रस्त्याला चालेल असा चढ रेल्वेला चालत नाही. मग कमी अंतरात जास्त उंची गाठायची कशी? यावर अभियंत्यांनी वेगवेगळे उपाय शोधले आहेत. भोर घाटात १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करावी लागे. माथेरानच्या गाडीसाठी डोंगराच्या अंगावर घोड्याच्या नालेसारखी वळणे काढली. धूळघाटला तिसरा उपाय वापरला. रूळ डोंगराभोवती पूर्ण वळसा घेतात आणि स्वतःच्याच मार्गाला पुलाने ओलांडतात. मार्ग लांबतो, पण चढ सौम्य राहतो. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेवर बतासियाला असाच वळसा आहे आणि तो पाहायला जगभरातून लोक येतात. धूळघाटचा वळसा मात्र रेल्वेप्रेमींच्या बाहेर फार कुणाला ठाऊक नाही.

धूळघाटचे मोल या वळशासह धरावे लागते. स्थानकाची इमारत साधीच. कमानी, मनोरे, कोरीव काम असे तिथे काही नाही. पण स्थानक, वळसा, पूल आणि जंगल मिळून एक जागा होते. त्यातले एक काढून दुसरे जपले तर अर्थ उरत नाही, आणि जतनाच्या बहुतेक नियमांना अशी लांबट, किलोमीटरभर पसरलेली जागा हाताळता येत नाही.

धूळघाटच्या भागात प्रामुख्याने कोरकू आदिवासींची वस्ती आहे. अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील गावांच्या यादीत एका गावाचे नावच ‘धूळघाट रेल्वे’ असे आहे.

गाडी का थांबली

मीटरगेजमध्ये दोन रुळांत १००० मिलिमीटर अंतर असते, ब्रॉडगेजमध्ये १६७६. देशभर एकच गेज असावा असे धोरण रेल्वेने १९९२ पासून जोमाने राबवले. मनमाड–परभणी–सिकंदराबाद मार्ग पुढे टप्प्याटप्प्याने रुंद झाला. पूर्णा–अकोला हा सुमारे २१० किलोमीटरचा भाग २००८ साली ब्रॉडगेज झाला. अकोला–खंडवा मात्र मीटरगेजच राहिला. दोन्ही टोके हळूहळू रुंद होत गेली तशी मधल्या छोट्या गाडीची उपयुक्तता घटत गेली. मीनाक्षी एक्सप्रेसचा पल्लाही असाच एकेका टप्प्याने आखडत गेला. २०१६–१७ च्या संधिकाळात अकोला–खंडवा वाहतूक गेज बदलासाठी थांबवली गेली. अकोला–अकोट हा ४४ किलोमीटरचा टप्पा रुंद होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला.

अकोटच्या पुढे गाडे अडले. जुन्या मार्गाचा सुमारे ३९ किलोमीटरचा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. मेळघाट हे देशातील पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७४ च्या सुमारास घोषित झालेले. म्हणजे रेल्वे आधी आली, व्याघ्र प्रकल्प नंतर. दिवसाकाठी मोजक्या, संथ मीटरगेज गाड्या आणि वेगाने धावणाऱ्या ब्रॉडगेज मालगाड्या यांत मोठा फरक आहे, असे वन्यजीव अभ्यासकांचे म्हणणे होते. शिवाय रुंद मार्गासाठी वळणे सरळ करावी लागतात, बोगदे वाढवावे लागतात, म्हणजे नवी जंगलतोड आली. याच भागातील गुल्लरघाट, केलपाणी, धारगड, सोमठाणा अशा गावांचे पुनर्वसन करून जंगल मोकळे केले असताना तिथून मोठी रेल्वे नेणे विसंगत ठरेल, हाही मुद्दा होता. उलट बाजूने, जुना मार्ग आधीच आहे, तो जवळचा आहे आणि घाटातील लोकांना तोच स्वस्त प्रवास आहे, असे सांगितले जात होते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. २०२१ साली तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून पर्यायी मार्गाचा आग्रह धरला. पुढे सोनाळा, जामोद अशा बुलडाणा जिल्ह्यातील गावांकडून जंगलाला वळसा घालणारा मार्ग पुढे आला.

वाघांच्या दृष्टीने हा निर्णय रास्त होता. बुलडाण्याच्या गावांनाही रेल्वे मिळणार. पण घाटातील जुनी स्थानके कायमची मार्गाबाहेर पडली.

ओस पडलेले स्थानक कसे मोडते

चालू स्थानकाची डागडुजी कुणी ठरवून करत नाही, ती होत असते. कौल सरकले की स्टेशन मास्तर कळवतो, गँगमन पन्हाळी साफ करतो, दिवाळीपूर्वी रंग लागतो. माणसे गेली की हे सगळे एकदम थांबते.

सुरुवात छतापासून होते. दोन कौल सरकतात, पहिल्या पावसाळ्यात पाणी लाकडी वाशांवर येते, दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी लागते. छत बसले की भिंतींच्या माथ्यावर पाणी मुरते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी तिथे रुजते आणि मूळ सांध्यांत शिरते. दरम्यान दारे, चौकटी, गज, बाकडी, पाण्याचे नळ नाहीसे होतात.

दुरुस्ती करताना इमारत कोणत्या काळातली आहे ते पाहावे लागते. मराठवाड्यातील निजामकालीन रेल्वे इमारती बव्हंशी दगड आणि चुन्याच्या. चुन्याची भिंत पाणी शोषते आणि उन्हात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला तर आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही, भिंत आतून पोखरते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आपल्याकडे जुन्या इमारतींचे सर्वांत जास्त नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या सिमेंट दुरुस्तीने झाले आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. चुना काही दिवस भिजवून मुरवायचा, विटांची भुकटी म्हणजे सुर्खी मिसळायची, घाणीत मळायचा, हे काम जाणणारे गवंडी आता थोडे आहेत. काही ठिकाणी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत होती.

१९५०–६० च्या दशकातील बांधकामांत सिमेंट आणि लोखंडी सळ्या आल्या. तिथे दुखणे वेगळे. काँक्रीटला तडा गेला की ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे तुकडे उडवते. धूळघाटच्या पिढीतील स्थानकांना हे दुखणे लागू शकते. चुन्याचे उपचार इथे चालत नाहीत. गंजलेला भाग उघडा करून सळई साफ करावी लागते, गरज असेल तिथे बदलावी लागते. पुलांच्या पोलादी तुळयांचा तर वेगळाच व्याप आहे. नियमित रंग मिळाला नाही की त्या गंजतात, आणि पूल रंगवणे खर्चाचे काम आहे.

एकदम सगळे करता येत नसेल तर तीन कामे आधी करतात: छत झाकणे, पाण्याला वाट करून देणे, भिंतींवरची रोपे मुळासकट मारणे. एवढ्याने इमारत देखणी होत नाही, पण काही वर्षे उभी राहते. तेवढ्यात पुढचा निर्णय घेता येतो.

मालक कोण, कायदा कोणता

रेल्वेची जमीन आणि इमारती केंद्र सरकारच्या. घाटातील ही स्थानके नांदेड विभागाच्या कारभाराखाली होती. भोवतालचे जंगल राज्याच्या वन विभागाकडे, आणि तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ व वन संवर्धन कायदा १९८० लागू होतात. धारणी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे ग्रामसभेला अधिकार आहेत. एका छोट्या इमारतीवर तीन बाजूंनी हक्क आणि दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कुणाचीच नाही, अशी ही स्थिती.

पुरातत्त्व कायद्याचा आधार घ्यावा तर अडचण वयाची. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. १९६० च्या आसपासचे धूळघाट त्यात बसत नाही. पूर्णा–हिंगोली फाट्यावरील १९१२ च्या वास्तू वयाने बसतात, पण स्मारक ठरण्यासाठी वय पुरेसे नसते आणि चालू स्थानकाला स्मारकाचे निर्बंध घालायला रेल्वे सहसा तयार होत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तिच्यात इमारतींच्या प्रतवाऱ्या ठरलेल्या आहेत. लहान गावांत अशी यादी सहसा नसते. उरतो तो रेल्वेचा स्वतःचा वारसा विभाग. रेल्वेने दिल्लीत १९७७ साली राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उभारले, नागपुरात मोतीबाग इथे नॅरोगेज संग्रहालय केले. संग्रहालयात इंजिन नेता येते, घंटा नेता येते. घाट नेता येत नाही.

याच मार्गावर एक घाट वाचला

खंडव्याच्या पुढे हीच मीटरगेज महूकडे विंध्याचा घाट चढत असे. हा मार्ग धूळघाटपेक्षा पुष्कळ जुना. इंदूरचे तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी ब्रिटिश सरकारला त्यासाठी १ कोटी रुपयांचे कर्ज दिले होते आणि १८७० च्या दशकात तो बांधला गेला. गेज बदल आल्यावर या घाटालाही मृत्यूघंटा वाजली. पण नवा ब्रॉडगेज मार्ग वेगळ्या वाटेने न्यायचे ठरले आणि पातालपाणी ते कालाकुंड हा सुमारे १० किलोमीटरचा तुकडा मीटरगेजच ठेवून २५ डिसेंबर २०१८ पासून त्यावर वारसा गाडी सुरू झाली. बोगदे, धबधबा, दरी पाहायला इंदूरहून लोक येतात. रुळांवरून गाडी जाते म्हणून रूळ, पूल आणि स्थानक यांची देखभाल होते.

हेच धूळघाटला का झाले नाही? इंदूरसारखे मोठे शहर तासाभराच्या वाटेवर नाही, हे एक कारण. दुसरे अधिक खरे: पातालपाणीला आडवा येणारा वाघ नव्हता. व्याघ्र प्रकल्पातून पर्यटकांची गाडी चालवायची म्हटली की ज्या कारणासाठी ब्रॉडगेज नाकारली तेच कारण पुन्हा पुढे येते. आणि हौशी गाडीचा मोह कितीही असला तरी इथे वन्यजीव अभ्यासकांची बाजू जड आहे.

माथेरानचा अनुभवही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९०७ साली सुरू झालेली ही गाडी २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत बंद पडली आणि २००७ साली सुरू झाली. २०१९ च्या पावसाने ती पुन्हा अडली आणि नेरळपासून पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला. घाटातील छोटी रेल्वे प्रत्येक मोठ्या पावसानंतर पुन्हा बांधावी लागते. माथेरानच्या बाजारपेठेचा, हॉटेलांचा, रहिवाशांचा रेटा मागे होता म्हणून ते झाले.

गाडीशिवाय जतन

गाडी चालवायची नसेल तर स्थानकाला दुसरे काम द्यावे लागते. वापराविना जपलेली इमारत टिकत नाही, मग तिच्यावर फलक कितीही चांगला असो. वनरक्षकांचे ठाणे, आरोग्य उपकेंद्र, शाळेची जादा खोली, मेळघाटची माहिती देणारे छोटे केंद्र, यांपैकी कोणताही उपयोग चालू शकतो. अट इतकीच की छप्पर, भिंती, फलाट, नावाची पाटी या गोष्टी बदलू नयेत आणि वळशावरचा पूल पायी पाहण्यापुरता सुरक्षित राहावा. त्यासाठी रेल्वेने इमारत भाड्याने किंवा परवान्याने वन विभागाला अथवा ग्रामपंचायतीला द्यावी लागेल. रेल्वेच्या रिकाम्या जागा अशा अटींवर दिल्या जातात. मुंबईत भायखळा स्थानकाचे काम खासगी पैशातून, वारसा वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली झाले आणि २०२२ साली त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक जतन पुरस्कार मिळाला. तिथे स्थानक चालू होते आणि शहर श्रीमंत होते, हा फरक विसरून चालणार नाही.

यात गावकऱ्यांचा प्रश्न संपत नाही. धूळघाटच्या माणसाला संग्रहालय मिळून काय उपयोग, त्याला अकोटच्या बाजाराला आणि दवाखान्यात जायला वाहन हवे, ही तक्रार योग्यच आहे. पावसाळ्यात घाटरस्ता बंद पडला की गाडी हीच वाट होती. म्हणून स्थानकाच्या जतनाची कोणतीही योजना बससेवेच्या बोलण्याबरोबरच मांडली तर गावात तिला आधार मिळेल, नाहीतर ती बाहेरच्यांची हौस वाटेल.

परभणीकडे काय उरले

या मार्गाचे दक्षिण टोक जिवंत आहे, पण तिथली झीज वेगळ्या प्रकारची. पूर्णेत मीटरगेज गेली तशी तिचे शेड आणि यार्ड यांचे कामच संपले. गेज बदलताना फलाट उंच केले जातात, जुन्या खोल्या वाटेत येतात, पाण्याचे टाके आणि सिग्नलची केबिन निरुपयोगी ठरते. अमृत भारत स्थानक योजनेत परभणी, पूर्णा, सेलू, गंगाखेड या स्थानकांचा समावेश आहे. या योजनेत नवे प्रवेशद्वार, प्रतीक्षालय, पादचारी पूल, सरकते जिने अशी कामे होतात आणि प्रवाशांना त्यांची गरज आहे. जुने काय ठेवायचे याचा विचार आराखडा मंजूर होण्यापूर्वी झाला तरच उपयोग. पाडकाम सुरू झाल्यावर हरकत घेऊन फार तर एखादी घंटा वाचते.

त्याआधीचे, सर्वांत कमी खर्चाचे काम म्हणजे नोंद. इमारतीची मापे घेऊन नकाशे काढणे, प्रत्येक बाजूने छायाचित्रे घेणे, दगडावर कोरलेली वर्षे आणि अक्षरे टिपणे. जाड पुठ्ठ्याची तिकिटे, मीटरगेजवर एकेरी मार्गासाठी वापरले जाणारे लोखंडी गोळ्याचे टोकन आणि त्याचे यंत्र, जुनी वेळापत्रके, स्टेशन डायरी या वस्तू भंगारात जाण्यापूर्वी गोळा करणे. पूर्णा, हिंगोली, अकोला या गावांत मीटरगेजवर नोकरी केलेले चालक, फायरमन, गार्ड, पॉइंट्समन निवृत्त आयुष्य जगत आहेत. धूळघाटच्या चढावर गाडी कशी चढवत, पावसात रुळावर वाळू कशी टाकत, रात्री टोकन कसे बदलत, हे त्यांना तोंडपाठ असते.